म्युनिफिसंटचा भाव

माझ्या नवऱ्याला जुनेपुराणे इंग्रजी शब्द पाळायचा नाद होता. इतरांचे नवरे कबुतरं पाळत, तंबाखू मळत, पत्ते कुटत. आमच्या यांना त्यातलं काहीच नव्हतं, म्हणून माझ्या आईला जावयाचं केवढं कौतुक! तिला काय माहीत. पत्त्यांचा डाव निदान कधीतरी उठतो तरी.

हे इंग्रजीचे मास्तर. इंग्रज देश सोडून गेला तेव्हा जे शब्द त्याला स्वतःलाही नको झाले होते ते तो आमच्या दारात टाकून गेला, असं मी शेजारणींना सांगत असे. सकाळी दात घासून झाले की यांच्या तोंडून एक शब्द निघायचा आणि मग दिवसभर तो वाक्यात वापरायचा. 'वाक्यात उपयोग करा' हा परीक्षेतला प्रश्न. आमच्याकडे तो चुलीपाशी सोडवला जायचा. 'फोर्थविथ' म्हणजे ताबडतोब. "टी, फोर्थविथ!" असं म्हणून हे पाटावर बसायचे, आणि मी आधी सडा, मग सारवण, मग पोराचं दूध आणि मग चहा असं फोर्थविथ करायची. 'बिटविक्स्ट' म्हणजे दोहोंच्या मध्ये. मिठाची बरणी कुठल्या दोन डब्यांच्या बिटविक्स्ट आहे ते मला इंग्रजीत सांगायचे, आणि काढून द्यायची मीच. 'पेरॅडव्हेंचर' म्हणजे नुसतं कदाचित. एवढा डोंगर पोखरून हा उंदीर!

मी मांडवगण फराट्याची, मराठी सातवी पास. इंग्रजीचं अक्षर मला ओळखू येत नसे, पण कान शाबूत होते. रोज कानावर पडून पडून कुठला शब्द हलका, कुठला वजनदार, हे मला कळायला लागलं होतं.

यांचा एक नियम होता. वाक्य व्याकरणात बसलं एवढ्यावर यांचं समाधान होत नसे. ते खरंही असावं लागे. एकदा यांनी 'बिडेबल' हा शब्द काढला. बिडेबल म्हणजे सांगितलेलं निमूट ऐकणारी. "माय वाइफ इज बिडेबल," असं म्हणून हे माझ्याकडे बघत राहिले आणि मग मान हलवून म्हणाले, "नाही. वाक्य बरोबर आहे, उपयोग चूक आहे." मी लाटणं पोळपाटावर आपटलं, तेव्हा यांना आणखीच खात्री पटली.

हा नियम घरात होता तोवर करमणूक होती. बाहेर पडला आणि त्यानं आमचं बिऱ्हाड उठवलं.

त्या काळी गावातून कुणी साहेब बदलून निघाला की त्याला इंग्रजीत मानपत्र द्यायची रीत होती. मराठीतलं मानपत्र लोकांना कळायचं, त्यामुळे त्याला किंमत नव्हती. इंग्रजीतलं कुणालाच कळायचं नाही, म्हणून जिथे शब्द जास्त लांब तिथे टाळ्या जास्त पडत. आम्ही तेव्हा शिरूरला होतो, आणि तिथे असली मानपत्रं लिहायला आमचे हे. तर एका साहेबाच्या मानपत्रात लोकांना 'इन्डिफॅटिगेबल' हवं होतं. म्हणजे कधीच न थकणारा. हे म्हणाले, लिहिणार नाही. साहेबांची दुपारची झोप सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी म्हटलं, "अवो, एवढं झोपल्यावर मानूस थकंल कशाला? बरोबरच हाय की शबुद!" पण ऐकतील तर ना. साहेब तो शब्द न घेताच गेले, आणि पुढच्या सुट्टीत शाळेच्या लक्षात आलं की आपल्याला इंग्रजीचा मास्तर एक जास्त झालाय.

अशा रीतीनं आम्ही दौंडला आलो. साल साठच्या आगंमागं. एक खासगी शाळा नव्यानं निघाली होती, तिथे हे लागले, पण कच्चे. कायम करायचं का नाही ते येत्या जूनमध्ये ठरणार होतं. स्टेशनाजवळच्या चाळीत आम्हाला खोली मिळाली, आणि त्या खोलीत नळ होता. घरात! आज कुणाला त्याचं काही वाटणार नाही. माहेरी मी भीमेचं पाणी वाहिलं, शिरूरला घोडनदीचं. उन्हाळ्यात वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं हंडा भरला. कडेवर पोरगं, डोक्यावर हंडा आणि हातात कळशी, असा माझा तिथला फोटो निघाला असता. आणि इथे पितळी चावी फिरवली की पाणी. पहिले काही दिवस मी उगाचच चावी सोडून बसायची. शेजारीण म्हणायची, "अगं, घसा बसंल त्याचा." मी मनाशी गाठ बांधली होती की हा नळ सोडून मी कुठेही जाणार नाही. म्हणजे यांनी इथे कायम व्हायला हवं होतं. त्या वर्षी देवाकडे मी दुसरं काही मागितलं नाही.

दौंडला त्या वेळी रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकामागून एक सामान विकून विलायतेला निघाली होती. लोक त्यांच्याकडून खाटा, आरामखुर्च्या, जाळीची कपाटं स्वस्तात आणत. जाळीच्या कपाटासाठी मी यांना पाठवलं. हे टांगा भरून पुस्तकं घेऊन आले. कपाटात ठेवायला निदान दूध असतं, पुस्तकांत फक्त वाळवी होती. त्यातूनच मग आणखी जुने, आणखी न चालणारे शब्द बाहेर पडायला लागले.

शाळेचे चेअरमन म्हणजे गुळाचे आडते. सगळं दौंड त्यांना आप्पा म्हणायचं. पोट पुढे, टोपी मागे, आवाज लिलावाचा. माणूस वाईट नव्हता. फक्त त्याच्या हातात आलेली वस्तू पुन्हा बाहेर निघायला वेळ लागायचा. शाळेच्या तीन वर्गांवर छप्पर नव्हतं म्हणून लोकांनी वर्गणी काढून पत्रे आणले होते. ते पत्रे स्टेशनातून शाळेकडे निघाले आणि वाटेत आप्पांच्या गुळाच्या गोडाऊनवर बसले. कुणी विचारलं तर आप्पा म्हणायचे, "गुळाला ऊन सोसत न्हाई, पोरान्ला सोसतं." पोरं बिचारी सावली सरकेल तशी सरकत पाढे म्हणायची. सकाळी इतिहास पश्चिमेला, तर दुपारी भूगोल पूर्वेला.

त्या आप्पांची एकसष्टी आली. रेल्वेचे साहेब येणार होते, तेव्हा मानपत्र इंग्रजीच पाहिजे. एका सकाळी आप्पा स्वतः आमच्या खोलीवर आले. काखेत एक फ्रेम. कुठल्या तरी जुन्या रेल्वे अधिकाऱ्याला मिळालेलं मानपत्र त्यांनी सामानाच्या विक्रीत फ्रेमसाठी घेतलं होतं. त्यातल्या एका शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"गुरुजी, ह्यो काय शबुद हाय?"

"म्युनिफिसंट."

"म्यु-नि-फि-संट." आप्पांनी गुळाचा खडा चघळावा तसा तो चघळला. "कसं तोंड भरतंय बगा. ह्यो पायजेल आपल्याला."

"त्याचा अर्थ सढळ हातानं देणारा. दानशूर."

"मंग बरोबरच हाय की."

मी चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होते. यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ओळखलं. तोच चेहरा, बिडेबलच्या वेळचा.

"आप्पा," हे अगदी नम्रपणे म्हणाले, "तो शब्द तुम्हाला लागू होत नाही."

आप्पांनी चहा बशीत ओतला, प्याला, बशी खाली ठेवली. चिडले नाहीत. व्यापारी माणूस पहिल्या भावाला चिडत नाही. एवढंच म्हणाले, "इचार करा गुरुजी. जूनबी जवळ आलाय." आणि फ्रेम काखेत मारून गेले.

मग मी यांना धारेवर धरलं. म्हटलं, शब्दच ना तो? त्याला काय तुमच्या घरचं दाणापाणी लागतंय? इथे भिंतीतून पाणी येतंय, त्याच्यावर एक शब्द ओवाळून टाकला तर काय बिघडलं? हे शांतपणे म्हणाले, "अगं, खोट्या माणसावर खरा शब्द लावला की तो पुढच्या खऱ्या माणसाला उरत नाही." वर्गात मुलांना सांगतात त्या आवाजात. मला इतका राग आला की मी त्या दिवशी आमटीत मीठच घातलं नाही. यांनी ती निमूट खाल्ली. डोकं कुठे होतं कोण जाणे. बहुतेक बिटविक्स्ट असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नळाखाली भांडी घासताना मला सुचलं. शब्द माणसाला बसत नाही म्हणतात ना? मग शब्दाला हात लावायचा नाही. माणूस शब्दाच्या मापाचा करायचा.

पोर शेजारणीकडे दिलं, पदर घट्ट खोचला आणि थेट आप्पांच्या आडतीवर गेले. गुळाच्या ढेपांत आप्पा पंचा घेऊन माश्या वारत बसले होते.

"आप्पा, त्यो शबुद तुमाला मिळंल."

"मास्तर वळलं म्हना की!"

"त्ये न्हाई वळायचं. वळायचं तुमी हाय. पत्रं शाळंवर घाला, शबुद लागू व्हतोय."

आप्पांनी पंचा खाली ठेवला. माझ्याकडे त्यांनी जसं पाहिलं तसं बाजारात समोरच्या गिऱ्हाइकाकडे पाहतात. मी शेतकऱ्याची मुलगी. बैलांच्या बाजारात वडिलांच्या मागे उभी राहून मी रुमालाखाली बोटं धरून ठरलेले सौदे पाहिलेले. तोंड एक बोलतं, बोटं दुसरंच. तेव्हा त्यांच्या त्या नजरेनं मला मोकळं वाटलं. इंग्रजी मला येत नव्हतं, पण भाव करायला येत होता.

"आन् एकाच वर्गावर घातलं तर?" आप्पांनी विचारलं.

"तर काइंड."

"काइंड म्हंजी?"

"दयाळू."

"हॅ! दयाळू काय, भिकारीबी पैशाला म्हनतो. दोन वर्गांवर घातलं तर?"

मी यांचे सगळे शब्द मनात चाळले. "दोनावर बेनेव्होलंट. परोपकारी."

आप्पांनी तो तोंडात घोळवून पाहिला. "बरा हाय. पन भरत न्हाई. त्यो दुसराच बरा."

"त्याला तिन्ही वर्ग लागत्यात आप्पा. त्यात कमीजास्त न्हाई."

"आवं बाई, तिन्हीवर घातल्यावर माझा गूळ?"

"गुळावर ताडपत्री घाला. गुळाला कुठं इंग्रजी शिकायचंय?"

आप्पा खो खो हसले, पोटासकट. म्हणाले, "मास्तराच्या जागी तुमालाच ठिवायला पायजेल व्हतं." आणि सौदा झाला.

घरी येऊन यांना सांगितलं तेव्हा हे ताडकन उठले. "तू विशेषणांचा लिलाव केलास?" मी म्हटलं, लिलाव नाही, भाव ठरवला, नाहीतरी तुमचे शब्द पडूनच होते. हे खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. त्यांना त्यात चूक काढायची होती आणि सापडत नव्हती. तिन्ही वर्गांवर छप्पर घालून देणाऱ्याला म्युनिफिसंट म्हटलं तर वाक्य बरोबर, उपयोगही बरोबर. शेवटी पडेल आवाजात म्हणाले, "दोनाला बेनेव्होलंट हे प्रमाण मात्र तू अचूक सांगितलंस." लग्न झाल्यापासून माझी एवढी स्तुती त्यांनी केली नव्हती.

पहिल्या वर्गावर पत्रे चढले. मग दुसऱ्यावर. पोरं वर बघत पाढे म्हणायला लागली. आणि मग आप्पांचा हात आखडला. सोलापूरकडून गुळाला मागणी आली, माल भरून पडला, आणि तिसऱ्या वर्गाचे पत्रे गोडाऊनवर तसेच राहिले. मी जाऊन विचारलं तर म्हणाले, "कारेक्रम हू द्या, दुसऱ्या दिशी घालतो. आप्पाचा शबुद हाय."

मी यांना म्हटलं, दोन झाले, तिसरा होणारच आहे. व्यवहारात एवढी उधारी चालते. तुम्ही वाचून टाका.  मानपत्र लिहिलेलं होतं, त्यावर हे हात ठेवून बसले होते. मी पाया पडायचं तेवढं बाकी राहिलं होतं. पडलेही असते, पण दुसऱ्या खेपेचा सातवा महिना होता, पोटामुळे वाकवत नव्हतं.

कार्यक्रम शाळेच्या पटांगणात झाला. कनात, लाउडस्पीकर, हार. रेल्वेचे साहेब खुर्चीत. आप्पा नव्या फेट्यात, मुंडावळ्या तेवढ्या बांधायच्या राहिल्या होत्या. आम्ही बायका एका बाजूला सतरंजीवर. हे उठले, घसा खाकरला आणि वाचू लागले. लाउडस्पीकरमधून इंग्रजी निघालं की सगळे गंभीर चेहरे करायचे. एखादा शब्द लांब लागला की टाळ्या. मला अर्थ कळत नव्हता, पण मी एकाच शब्दाची वाट बघत होते. तो आला तर नळ माझा. नाही आला तर पुन्हा घोडनदी. 

आणि तो आला. "म्युनिफिसंट!" स्पष्ट, मोठ्यानं. मी डोळे मिटले. टाळ्या कडाडल्या. आप्पा फुलले. पण त्या शब्दाच्या आधी यांनी आणखी काहीतरी लहानसं उच्चारलं होतं, आणि तेवढ्यात रेल्वेचे साहेब मोठ्यानं हसले. आप्पांचा कान व्यापाऱ्याचा. तराजूत काही जास्तीचं पडलं की त्यांना ऐकू यायचंच. ते खुर्चीतून वाकले आणि माइकच्या तोंडाशीच विचारते झाले:

"गुरुजी, त्येच्या आदी काय म्हनलात?"

"वेल-नाय."

"म्हंजी?"

"जवळजवळ." दोघांचाही आवाज स्टेशनापर्यंत गेला असणार.

"जवळजवळ का?"

"तिसरा वर्ग राहिलाय, आप्पा."

 आणि मग तिसऱ्या वर्गाची पोरं, उन्हानं रापलेली, काय चाललंय ते कळून की न कळून, टाळ्या वाजवायला लागली. त्यांना कुणी थांबवेना. मी सतरंजीवर बसल्या जागी यांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या कुठल्याही जुन्या पुस्तकात सापडणार नाहीत. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं, आणि शेजारीण मला विचारत होती की कळा सुरू झाल्या का.

पुढच्या बाजाराच्या आत तिसऱ्या वर्गावर पत्रे चढले. आप्पांनी स्वतः उभं राहून आपल्या माणसांकडून ते चढवून घेतले. मग संध्याकाळी मानपत्राची फ्रेम घेऊन आमच्याकडे आले.

"घ्या गुरुजी. खोडा आता ते जवळजवळ."

यांना इतका आनंद झाला की यांनी नुसतं खोडलं नाही. नवा जाड कागद काढला, टाक झटकला आणि अख्खं मानपत्र सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून दिलं, वेल-नायशिवाय. आप्पांनी ते हातात धरून दोनतीनदा पाहिलं. आपण शाळेवर छप्पर घातलं हे त्यांना त्या क्षणापर्यंत नुसतं माहीत होतं. आता ते त्यांना आवडलं, असं मला वाटलं. चहा झाला. मग आप्पा माझ्याकडे वळले. डोळ्यांत बाजाराचं हसू.

"बाई, सौदा तुमी केला, म्हनून तुमालाच इचारतो. मास्तरला कायम केलं, तर करनाऱ्याला कोनचा शबुद बसतो?"

माझ्या जिभेवर तो आलाही होता. 'मॅग्नॅनिमस'. मोठ्या मनाचा. चांगला वजनदार. मी तोंड उघडलं आणि मागून यांचा आवाज आला.

"त्याला शब्द लागत नाही, आप्पा. माणूस काम नीट करत असेल तर त्याला ठेवतात. ते नुसतं रास्त आहे."

मी नळाकडे पाहिलं. तो टपटपत होता.

आप्पा सावकाश उठले, फ्रेम काखेत मारली. रागावले नव्हते, पण दमल्यासारखे दिसत होते. दारात थांबून म्हणाले, "गुरुजी, मानूस तुमी सोन्याचं. पन असलं सोनं रोजच्या वापराला परवडत न्हाई." आणि गेले. जूनमध्ये शाळेत दुसरे मास्तर आले. त्यांना इंग्रजी थोडं कमी येत होतं आणि बाकी सगळं व्यवस्थित येत होतं.

मी यांच्याशी बोलणं टाकलं. धुसफूस नाही, आदळआपट नाही, नुसतं बोलणंच नाही. बांधाबांध केली. पुस्तकांच्या पेट्या त्यांनी बांधल्या, भांड्यांचं पोतं मी. शिरूरला कुणी शाळेत घेणार नव्हतं, तेव्हा शिकवण्या करायच्या असं त्यांनी भिंतीला सांगितलं. एस्टीतून उतरलो तेव्हा दिवस मावळला होता. त्याच गल्लीत, कौलं गळणारी तीच जुनी खोली मिळाली होती.

सकाळी मी जड अंगानं उठले, हंडा घ्यायला कोपऱ्यात गेले, तर हंडा नव्हता. दारात हे उभे. धोतर वर खोचलेलं, डोक्यावर टॉवेलाची चुंबळ वाकडीतिकडी, तिच्यावर हंडा, हातात कळशी. त्या काळी शिरूरमध्ये मास्तर काय, कुठलाच पुरुष घरासाठी नदीवरून पाणी आणत नसे. आणलं असतं तर बायको मेली असं लोकांनी धरलं असतं. सगळी गल्ली दारात आली होती. यांचे जुने विद्यार्थी ओट्यावर दात घासायचे थांबले होते. मी तोंड उघडायची यांनी वाट पाहिली. मराठीत नाही, इंग्रजीत नाही, एक शब्द बोलले नाहीत.

त्यांना अडवावं असं मला फार वाटलं. पण मी अडवलं नाही. चुंबळ तेवढी नीट बसवली आणि दुसऱ्या हातात दुसरी कळशी दिली.